कुदळीशिवाय आलेला मामा

त्या सकाळी वाळवंटाकडची धूळ उतरली होती. ऊन वर येऊनही उजाडल्यासारखं वाटत नव्हतं. राखेत पुरलेल्या निखाऱ्यासारखा सूर्य, आणि नदीपलीकडचे डोंगर तर कुणी पुसून टाकल्यासारखे. ओठ फुटलेले, टाचांना भेगा पडलेल्या. आई आणि मी वाऱ्याकडे पाठ करून तिळाच्या पेंढ्या झटकत बसलो होतो. खाली चटई, पेंढी उलटी धरायची, काठीनं हलकेच मारायचं, की पाऊस पडल्यासारखे तीळ खाली. जोरात मारलं तर बोंडंही तुटून पडतात आणि मग निवडत बसावं लागतं. आई माझ्या हाताकडे बघून दर चार पेंढ्यांनी म्हणायची, "साप मारतीस का काय?"

मग तिनं वाटेकडे पाहिलं आणि काठी थांबवली.

"केरेन, तुझा मामा येतोय."

मी पाहिलं. धुळीतून एक उंच माणूस सावकाश येत होता.

"हातात काय हाय त्याच्या?" आईनं विचारलं. तिची नजर तेव्हाच अधू झाली होती.

"कापड दिसतंय. काळ्या-पांढऱ्या पट्ट्याचं."

"आन् खांद्यावर?"

"काय न्हाई."

"कुदळ न्हाई?"

"न्हाई गं."

आईनं हातातली पेंढी खाली ठेवली. अर्धी झटकलेली, अर्धी भरलेली.

माझा मामा, इहोम, आमच्याकडे कधी कुदळीशिवाय आला नव्हता. लहानपणी मला वाटायचं, कुदळ त्याच्या खांद्यातूनच उगवली असावी. तो कुठून आणि का यायचा, हे कळायला माझ्या आईच्या लग्नापर्यंत मागं जायला हवं.

आम्हा तिव लोकांत तेव्हा बाईच्या बदल्यात बाई असायची. साटंलोटं. ज्याला बायको हवी त्याच्या वाट्याला एक बहीण यायची, तिला इंगोल म्हणायचे. ती इंगोल दुसऱ्या घरात द्यायची आणि त्या घरची त्यांची इंगोल आपल्याकडे आणायची. दोन्ही घरात एकेक चूल पेटायची, दोन्हीकडे पोरं व्हायची, कुणाचं कुणाकडे काही उरायचं नाही. कापडं आणि पितळेच्या कांब्या देऊनही बायको आणता यायची, पण त्या बायकोच्या पोरांना वडीलधाऱ्यांच्या गोलात धड जागा मिळायची नाही. मामाची आणि माझ्या आईची आई तशी कांब्यांवर आलेली. शिकारीचं मांस वाटताना मामा तरुणपणी गोलाच्या बाहेर उकिडवा बसायचा आणि त्याच्या हातात येईल ते हाड घेऊन उठायचा. त्याला एकच हवं होतं. बाईच्या बदल्यात आलेली बायको, आणि तिचा मुलगा. तो मुलगा गोलात बसला असता.

त्यांच्या वस्तीचा कर्ता उग्बा. म्हाताऱ्याच्या पोटावर व्रणांनी पाल कोरलेली होती, हसला की पाल हलायची. गोरे पहिल्यांदा आले तेव्हा त्यानं गवतात लपून विषाचे बाण सोडले होते. गोऱ्यांनी वस्ती जाळली, कणग्या जाळल्या, आणि पुढं काही वर्षांनी त्याच उग्बाच्या डोक्यावर लाल टोपी घालून त्याला मुखिया केलं. तो म्हणायचा, "माझे बाण चुकले म्हणून टोपी मिळाली. लागले असते तर फास मिळाला असता." या उग्बानं माझी आई, येंबेर, मामाच्या नावावर इंगोल म्हणून दिली.

आईला मात्र झेगे आवडला होता. झेगे म्हणजे माझे वडील. नदीच्या अलीकडचे, म्बाकोर कुळातले. त्यांच्या नावावर इंगोल होती खरी, पण ती नुकती चालायला लागलेली. त्यांची सावत्र बहीण, सेवेसे. नाकातून शेंबूड, कमरेला मण्यांची माळ. उग्बानं ऐकलं आणि हसला. पोटावरची पाल हलत राहिली.

"इहोम, ही पोरगी तुझ्या चुलीपाशी कवा येणार? तुझं दात पडल्यावर?"

"येंबेर पळून जाईल बाबा," मामा म्हणाला. "पळून गेली तर माझ्या हातात काय ऱ्हाईल? दिली तर शब्द तरी ऱ्हाईल."

"शब्द म्बाकोरवाल्यांचा?"

"दोन्ही कुळं देवापुढं शपथ घेत्यात. मी थांबतो."

लोकांनी मामाला पुष्कळ दिवस हसून घेतलं. तो थांबला. पाऊस सरत आला आणि माती अजून ओली असली की दरवर्षी नदी उतरून यायचा, कुदळ खांद्यावर. सेवेसेच्या आईच्या रानात कोनफळाचे ढीग घालायचा. आमच्याकडे कोनफळ सपाट जमिनीत लावत नाहीत. कमरेएवढा मातीचा ढीग रचायचा, त्याच्या पोटात बी ठेवायचं. पुरुषानं ढीग घालायचे, बाईनं लावायचं, खुरपायचं, काढायचं. मामाचे ढीग ओळखू यायचे. इतके गोल, इतके एकसारखे, की वडील म्हणायचे, "तुझ्या भावानं दोरी लावून घातल्यात का?" आई म्हणायची, "तुमच्या बहिणीसाठी घालतोय तो. तुमी नुसतं मोजत बसा."

बारा-तेरा वर्षं. दरम्यान मी झाले, माझे दोन भाऊ झाले. दोन-तीनदा उग्बानं मामाला सांगितलं, "सेवेसे यायची तेव्हा येईल. तोवर येंबेरला घरी आण. पोरं आपल्याकडे राहू देत. म्बाकोरवाले मग लवकर हलतील." आमच्यात तसा रिवाज होता, बदल्याची बाई येत नसेल तर आपली परत बोलवायची. मामा यायचा, ढीग घालायचा, आमच्या घरी भेंडीच्या कालवणाबरोबर कुटलेलं कोनफळ खायचा, माझ्या धाकट्या भावाला खांद्यावर घेऊन नदीपर्यंत जायचा आणि परत जायचा. आईला न्यायचं नावही काढायचा नाही. पुढं मला आई म्हणाली, "तीच त्याची चूक. मला नेलं असतं तर सेवेसे आठ दिवसांत त्याच्या दारात असती. पण तुझा भाऊ खांद्यावर बसलेला होता ना."

सेवेसे मोठी झाली. गालाला, पाठीला व्रण कोरून झाले, बाजारात पोरं तिच्याकडे मान वळवून बघायला लागली. पुढच्या कापणीला तिला पोचवायचं ठरलं. मामानं वेगळी झोपडी बांधली, गोल, नवं गवत घातलेली, आत तीन दगडांची चूल.

त्याच पावसात हुकूम आला. मकुर्डीला नदीवर पुलाचं काम सुरू व्हायच्या जरा आधीची गोष्ट. बाजाराच्या दिवशी लाल टोपी घालून उग्बालाच उभं राहून सांगावं लागलं: बाईच्या बदल्यात बाई, हे आजपासून बंद. ज्याला बायको हवी त्यानं नाणी द्यावीत आणि पोरीला पसंत असावं. जे जुनं राहिलंय तेही नाण्यांनी मिटवावं. सांगून झाल्यावर उग्बा बाजारातून जो निघाला तो थेट घराकडं.

पोरींना हुकूम आवडला. का आवडू नये? मलाही, मी आठ-नऊ वर्षांची असूनही, आवडल्याचं आठवतं. महिन्याभरात सेवेसे पुलासाठी आधीच खडी फोडायला आलेल्या एका माणसाबरोबर गेली. त्यानं माझ्या वडिलांना नाणी दिली. वडिलांनी ती घेतली, मडक्यात घातली आणि नदी ओलांडून मडकं मामापुढं नेऊन ठेवलं.

"हे तुझं," वडील म्हणाले. "यातलं एक बी मी खाल्लं न्हाई."

मामा मडक्यात न बघता म्हणाला, "माझी आई कांब्यांवर आलेली. मी गोलाबाहेर बसतो. आता हे घेऊन माझ्या पोरालाबी गोलाबाहेर बसवू?"

"आता गोलच ऱ्हाणार न्हाई इहोम. समद्यांच्याच बायका अशा येणार."

"मग तू तुझ्या पोरांची आई मला नाण्यावर परत दे. देतोस?"

वडील मडकं घेऊन परत आले. ते मडकं पुष्कळ वर्षं आमच्या माळ्यावर होतं. कुणी हात लावला नाही.

मामा कोर्टात गेला. कोर्ट म्हणजे आंब्याखाली एक टेबल, त्यामागं गोरा साहेब, शेजारी दुभाषा. आईला बोलावलं होतं, मीही गेले होते, म्हणून हे मी कानांनी ऐकलं.

साहेबानं विचारलं, दुभाष्यानं सांगितलं, "तुझी बहीण नांदते का?"

"नांदती."

"नवरा मारतो?"

"न्हाई."

"पोरं किती?"

"तीन."

"मग तक्रार काय?"

मामा साहेबाच्या बुटांकडं बघत म्हणाला, "साहेबाला म्हणावं, ती नांदती हीच तक्रार हाय. ती नांदती आन् माझी चूल थंड."

लोक हसले. दुभाषाही हसला, आणि त्यातलं किती साहेबाला सांगितलं कुणास ठाऊक. साहेब हसला नाही. वाईट माणूस नव्हता तो. त्यानं खरोखर समजून घ्यायचा प्रयत्न केला. सेवेसेला पुढं बोलावलं.

"या माणसाला ओळखतेस?"

"व्हय," सेवेसे म्हणाली. "आईचे ढीग घालायला येतो."

"याच्याशी तुझं लग्न ठरलं होतं, माहीत होतं?"

"मोठी माणसं बोलायची. मला वाटायचं, हा गडी हाय."

ती खोटं बोलत नव्हती. आमच्यात ठरलेल्या पोरीशी बोलायचं नसतं. मामानं तिच्याकडे कधी नीट बघितलंही नव्हतं. तेरा वर्षं त्यानं रीत पाळली आणि तिच्या लेखी तो ढीग घालणारा गडीच राहिला. साहेबानं कागदावर लिहिलं: हुकुमाप्रमाणं नाणी घ्यावीत. मामा उठला आणि सरळ गावाकडं चालू लागला. कुदळ कोर्टातच राहिली, ती आईनं उचलून त्याला पोचती केली.

त्यानंतर पाच वर्षं तो आमच्याकडं आला नाही. आणि आता धुळीतून येत होता. रिकाम्या खांद्यानं, हातात नवं कापड.

वडील मधल्या मोठ्या झोपडीत होते. मामा आत जाऊन बसला. आईनं कोनफळ कुटलं. उखळाचा आवाज नेहमीपेक्षा मोठा वाटत होता. मामानं खाल्लं, हात धुतले आणि म्हणाला, "उग्बाबाबांनी पाठवलंय."

"कशाला ते कळलं," वडील म्हणाले.

मलाही कळलं. हुकूम निघाला तरी आतून साटंलोटं बंद झालं नव्हतं. नुसतं बाजारात बोलायचं नाही एवढंच. लाल टोपी घालून हुकूम सांगणाऱ्या उग्बानंच मामाला सांगितलं होतं: साटं पुरं झालं नाही, म्हणजे येंबेरची पोरगी आपली. तिला आण. वर्षभर ठेव, पूर्वेकडं एका घरात पोर आहे, त्यांना दे, त्यांची घे. अजून तुझं वय गेलेलं नाही.

"तुझा हक्क हाय," वडील म्हणाले. त्यांनी वर बघितलं नाही. "मी कोर्टात जाणार न्हाई. मला तोंड न्हाई."

आई दारात उभी होती. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "दादा, जेवलास ना पोटभर?"

"जेवलो."

"मग उन्हाच्या आत निघा."

मामानं कापड माझ्या खांद्यावर टाकलं. अजून त्याला सुताचा वास येत होता. मी आईकडं बघितलं, ती तिळाच्या चटईपाशी जाऊन बसली होती, पेंढी हातात घेऊन, झटकत मात्र नव्हती. मी मामाच्या मागं निघाले. चौदा वर्षांची होते. भ्याले होते का? आठवत नाही. पायातल्या भेगांत वाळू जात होती तेवढं आठवतं.

नदी त्या दिवसांत खाली गेलेली असते, मधे वाळूचे पट्टे. होडी पलीकडं होती. मामानं हाक मारली, नावाड्यानं हात केला. आम्ही काठावर बसलो. मामानं एक काडी घेऊन वाळूत गोल काढला, पुसला, परत काढला.

"केरेन, मी कोण हाय?"

"मामा."

"ते झालं. आणखी?"

मी खूप आठवलं. मला काही चांगलं सांगायचं होतं. माझ्या भावाला खांद्यावर घ्यायचा ते आठवलं असतं तर बरं झालं असतं. पण मी म्हणाले, "ढीग घालायला यायचास तू."

होडी निम्म्यात आली. मामानं काडी मोडली, दोन तुकडे बाजूला ठेवले.

"जा," तो म्हणाला.

"कुठं?"

"घरी. आईला म्हणावं, वारं सुटलंय, तीळ उडून जाईल. झटकून घे."

"आन् कापड?"

"घे तुला. मी काय करू त्याचं?"

तो होडीत बसला. मी काठावर उभी राहिले. धुळीत होडी लवकर दिसेनाशी झाली. मी शहाणपणानं काही बोलले नव्हते, हे आज म्हातारपणीही सांगते. दुसरं काही तोंडून आलं असतं तर मामाच्या अंगणात बाईमाणूस असतं, पोरं असती, आणि मी पूर्वेकडं कुठंतरी असते. ते वाईट झालं असतं का, तेही मला सांगता येत नाही.

उग्बानं मामाला अंगणात उभं करून एवढंच विचारलं, "रिकामा आलास?"

"आलो."

"मग आता तुझ्या नावावर काय न्हाई." त्यानंतर वस्तीत ज्या पोरी मोठ्या झाल्या त्या दुसऱ्यांच्या नावावर गेल्या, आणि पुढं पुढं कुणाच्याच नावावर नाही, नाण्यांवर. मामानं सेवेसेसाठी बांधलेल्या झोपडीत शेळ्या बांधायला लागले.

दीड वर्षानं आई मला घेऊन त्याच्याकडं गेली. मळभ होतं, रानात खुरपणीचे दिवस. मामा घरी नव्हता. त्याच्या चुलत्याच्या सुना म्हणाल्या, "रानात हाय तुमचा भाऊ. आमच्यासारखा."

बाई नसलेल्या पुरुषाचं रान भावजया खुरपतात, पण आधी आपलं, मग त्याचं. तोवर गवत कंबरेला लागतं. मामाचे ढीग तसेच होते, गोल, एकसारखे, नजर जाईल तिथवर. निम्मे गवतानं गिळलेले. आणि एका ढिगापाशी मामा खुरपं घेऊन बसला होता, बाईसारखा, गुडघे जवळ घेऊन. पुरुष खुरपताना मी तोवर पाहिला नव्हता. शेजारच्या रानातून एक बाई ओरडली, "इहोमबाई, उद्या पाण्याला येता का संगं?"

"मडकं न्हाई माझ्याकडं," मामा मान वर न करता म्हणाला. "तुझं फुटकं दे."

बायका हसल्या. तो हसला नाही. मग त्याला आम्ही दिसलो.

"येंबेर," तो म्हणाला. "बस. बांधावर बस, तिथं मुंग्या हायत, इकडं सरक."

आई बसली. इकडचं तिकडचं बोलली, पाऊस, शेळ्या, वडिलांचा खोकला. मग म्हणाली, "केरेनचं ठरलं."

"कुठं?"

"पुलाच्या अंगाला. रेल्वेसाठी लाकडं तोडतो एक जण. झेगेनं नाणी घेतली."

मामानं खुरप्याची माती बोटानं काढली.

"वेगळ्या मडक्यात ठेवल्यात," आई म्हणाली. "तुझा वाटा..."

"नको."

मग त्यानं माझ्याकडं बघितलं. नदीकाठावर विचारताना बघितलं होतं तसंच.

"तुला इचारलं का गं कुणी?"

"न्हाई," मी म्हणाले.

तो पुढं काही विचारेल म्हणून मी थांबले. आईनं कमरेचं कापड खोचलं, बांधावरचं दुसरं खुरपं उचललं आणि त्याच्या शेजारच्या ढिगापाशी बसली. मामानं तिच्या हातातून खुरपं काढून घेतलं, हिसकावून नाही, सावकाश.

"तुझ्या नवऱ्याच्या रानात खुरप," तो म्हणाला. "हितं न्हाई."

मळभ खाली आलं होतं. दोन्ही खुरपी त्याच्याकडं होती. त्यानं बोथट होतं ते बाजूला टाकलं, धारेचं घेतलं, ढिगाच्या दुसऱ्या अंगाला सरकला आणि मुळाशी हात घालून गवत उपटायला लागला.